संघर्षग्रस्त भागातील बाललसीकरण : गडचिरोलीचा धडा आणि आपला किनारा

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया व जमाखर्च यांचा तपशील असतोच. त्याच्या जोडीने एखाद्या आरोग्यप्रश्नाचा अभ्यासही हितचिंतकांपुढे ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. मालवणच्या किनाऱ्यावर ना संचारबंदी, ना भूसुरुंग. येथे पावसाळ्यात खाडी अडवते, माणूस नाही. मग संघर्षग्रस्त भागातील लसीकरणाचा अभ्यास आपण का करावा?

याचे कारण आमच्या फिरत्या पथकाच्या अनुभवात आहे. चिरेखाणीवरील झोपडीत दोन वर्षांचे मूल भेटते आणि त्याच्याजवळ लसीकरणाचे कार्ड नसते. आंबा बागेच्या राखणदाराचे कुटुंब नेपाळहून आलेले असते. मुलाला कोणती लस कधी दिली, हे आईला सांगता येत नाही. गावाच्या यादीत ही मुले नाहीत, कारण ती गावची नाहीत. त्यांच्या मूळ गावच्या यादीतही नाहीत, कारण ती तेथे राहत नाहीत. एकही लस न मिळालेली मुले जगात सर्वाधिक कोठे आढळतात आणि तेथे काम करणाऱ्यांनी कोणते मार्ग काढले, याचा शोध घेताना आम्ही संघर्षग्रस्त प्रदेशांकडे वळलो. त्यातील एक प्रदेश आपल्याच राज्यात आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील सुमारे १ कोटी ४३ लाख बालकांना नियमित लसीकरणातील एकही मात्रा मिळाली नव्हती. संघर्ष, अस्थैर्य किंवा आपत्ती यांनी ग्रासलेल्या २६ देशांत जगातील सुमारे एक चतुर्थांश बालके जन्मतात; परंतु लसीविना राहिलेल्या बालकांपैकी निम्मी त्याच देशांत आहेत. पोलिओचा नैसर्गिक विषाणू आज अफगाणिस्तान व पाकिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे, हाही योगायोग नव्हे.

संघर्षात मुले दोन प्रकारे मरतात. गोळी लागून मरणाऱ्यांची नोंद होते. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांनी मरणाऱ्यांची नोंद बहुधा होत नाही. गोवराचा प्रसार थोपविण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. कुटुंबे परागंदा झाली, छावणीत दाटीवाटीने राहू लागली, आहार तुटला, की गोवराला हवी असलेली सर्व परिस्थिती एकत्र येते. म्हणून छावणीत आरोग्यपथक पोहोचताच गोवराची लस व ‘अ’ जीवनसत्त्व यांना प्राधान्य दिले जाते आणि एरवी नवव्या महिन्यानंतर द्यावयाची ही लस अशा वेळी सहाव्या महिन्यापासूनही देतात. मात्र ती अतिरिक्त समजली जाते. वेळापत्रकातील मात्रा पुढे द्याव्याच लागतात.

पुण्याचा जुना धडा

रोगनिवारणाचे काम आणि शस्त्र एकाच दारातून आत आले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त रँड या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. रोग्यांचा शोध घेणे, त्यांना वेगळे ठेवणे, घरांचे निर्जंतुकीकरण करणे हे उपाय त्या काळच्या वैद्यकाला धरून होते. परंतु ते करण्यासाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले. स्वयंपाकघर व देवघर यांचा मान राहिला नाही, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

या घटनेचा राजकीय अर्थ सर्वांना परिचित आहे. आरोग्यसेवकाने त्यातून घ्यावयाचा अर्थ वेगळा आहे : ज्या घरात आपण दहशत म्हणून शिरतो, त्या घरातील रोगी आपल्याला सापडत नाही.

गडचिरोली : नदी, जंगल आणि संशय

चंद्रपूरपासून वेगळा होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच सुमारास शेजारच्या आंध्र प्रदेशातून नक्षलवादी दलमांचा तेथील जंगलात प्रवेश झाला होता. पुढील चार दशके भामरागड, एटापल्ली, अहेरी, धानोरा या तालुक्यांतील माडिया-गोंड गावे दोन बंदुकांच्या मध्ये राहिली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांच्या हत्या होत. दुसरीकडे, दलमला भाकर दिल्याच्या संशयावरून चौकशीचा ससेमिरा मागे लागे.

त्यात भूगोलाची भर. इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांचा संगम भामरागडजवळ होतो. पर्लकोटेचा पूर पुलावर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. लाहेरीच्या पलीकडे डोंगरातील बिनागुंड्यासारखी गावे तर पावसाळाभर पायवाटेवर अवलंबून असतात. अशा गावांसाठी चार महिन्यांचे धान्य पावसाळ्यापूर्वी पोहोचविण्याची पद्धत आहे. प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना आरोग्य केंद्रालगतच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवण्याची योजनाही आहे. लसीचे मात्र तसे नाही. वीज व शीतपेटी नसलेल्या गावात तिचा साठा ठेवता येत नाही. पुन्हा बालकाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यानंतर आणि सोळाव्या महिन्यानंतर, असे ठरलेल्या अंतराने गाठावे लागते. म्हणजे लस घेऊन एकदा जाणे पुरेसे नसून, त्याच वाटेने वारंवार जाता येणे आवश्यक असते.

या परिस्थितीत टिकलेल्या कामाची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आयुष्य घालविले. आरंभी वीज नव्हती, बारमाही रस्ता नव्हता. नक्षलवादी येण्यापूर्वीच हे डॉक्टर तेथे होते आणि संघर्षाच्या काळातही दवाखाना चालू राहिला. आलेल्या रुग्णाला तो कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. दुसरे उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे. त्यांनी गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. नवजात बालकाची तपासणी, जंतुसंसर्गाची ओळख व प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास लसीकरणाचा नव्हता; परंतु गावची स्त्री सुई सुरक्षितपणे हाताळू शकते आणि तिच्यासाठी दार उघडते, हे त्याने सिद्ध केले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविका आल्या, त्यामागील विचारही हाच.

एका नाजूक बाबीचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे. गडचिरोली पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांतून आरोग्य शिबिरेही घेतली गेली. त्यातून अनेक रुग्णांना औषध मिळाले, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या गावात एका बाजूच्या मांडवात बसणे हे दुसऱ्या बाजूच्या नजरेत येते, तेथे मुलाचे नियमित लसीकरण या मांडवाशी जोडले जाऊ नये, असे आम्हांस वाटते. आईला आपल्या मुलाची लस आणि आपल्या घराची सुरक्षितता यांत निवड करावी लागू नये.

इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये २००५ नंतर सलवा जुडूमच्या काळात गावेच्या गावे रिकामी झाली. काही कुटुंबे सरकारी छावण्यांत, काही जंगलात, तर काही आंध्र प्रदेशात गेली. गाव नकाशावरून उठले, की गावाची लसीकरण यादीही उठते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सलवा जुडूम बेकायदेशीर ठरविले. परंतु बालपणातील चुकलेल्या मात्रा न्यायालयाच्या निकालाने भरून येत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचे सावट विरळ होत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर, अंतर आणि जुना संशय मात्र शस्त्रांबरोबर जमा होत नाहीत.

शांततेचे दिवस

गडचिरोलीत लसीकरणासाठी औपचारिक शस्त्रसंधीचा मार्ग नव्हता. जगात अन्यत्र तो वापरला गेला. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात यादवी युद्ध चालू असताना १९८५ साली युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांच्या पुढाकाराने व चर्चच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर या दोघांनीही तीन दिवस लढाई थांबविण्याचे मान्य केले. हे तीन दिवस सलग नव्हते. ते फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या तीन महिन्यांत विभागलेले होते, कारण पोलिओ व त्रिगुणी लसीच्या तीन मात्रा अंतराने द्यावयाच्या होत्या. युद्धाचे वेळापत्रक लसीच्या वेळापत्रकानुसार बदलले गेले. युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हा उपक्रम होत राहिला. पुढे लेबनॉन, सुदान, श्रीलंका येथेही असे ‘शांततेचे दिवस’ पाळले गेले.

अलीकडचे उदाहरण गाझाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे २५ वर्षांनंतर पोलिओचा पहिला रुग्ण निश्चित झाला. तो दहा महिन्यांचा बालक होता. सप्टेंबरमध्ये भागवार ठरलेल्या तासांपुरती लढाई थांबवून दहा वर्षांखालील सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना पहिली मात्रा देण्यात आली. ऑक्टोबरमधील दुसऱ्या फेरीच्या वेळी मात्र उत्तर गाझातील काम बॉम्बवर्षावामुळे पुढे ढकलावे लागले आणि नंतर ते मर्यादित भागापुरतेच करता आले. पहिली मात्रा देणे कठीण असतेच. दुसरी त्याहून कठीण असते.

जेथे संधी मिळत नाही, तेथे मुलापर्यंत जाण्याऐवजी मूल जेथे येते तेथे थांबण्याची पद्धत उपयोगी पडते. उत्तर नायजेरियात बोको हरामच्या ताब्यातील भागात पथके जाऊ शकत नव्हती. तेव्हा बाजार, वाहनतळ व त्या भागातून बाहेर पडण्याच्या वाटांवर लसीकरणाच्या जागा ठेवण्यात आल्या. आफ्रिका खंड २०२० साली नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला, त्यात या चिकाटीचा वाटा आहे. आपल्याकडील आठवडी बाजार हे असेच तटस्थ स्थान आहे.

दोन सावध करणाऱ्या घटना

पहिली घटना विश्वासाची. २०११ साली पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर संस्थेने हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा बनाव रचला. हे उघड झाल्यावर लसीकरण म्हणजे हेरगिरी, या अफवेला पुरावाच मिळाला. २०१२ साली उत्तर वझिरिस्तानात तालिबानी म्होरक्याने पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. त्याच डिसेंबरमध्ये पोलिओ कर्मचाऱ्यांवर गोळीबार झाले. बळी पडलेल्यांत अनेक स्त्रिया होत्या. २०१४ साली पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण नोंदले गेले. लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे आश्वासन अमेरिकी सरकारने त्याच वर्षी दिले. पण गेलेला विश्वास आश्वासनाने परत येत नाही.

दुसरी घटना सुरक्षिततेची. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातील इदलिब भागात गोवराच्या लसीत मिसळावयाच्या द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध मिसळले गेले आणि सुमारे १५ बालके दगावली. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये एकच सिरिंज चार दिवस अनेक मुलांना वापरली गेली व लस थंड ठेवली गेली नाही. तेथेही १५ बालके गेली. दोन्ही ठिकाणी हेतू चांगला होता. घाई, अपुरे प्रशिक्षण व देखरेखीचा अभाव यांनी घात केला. कठीण प्रदेश म्हणून नियम शिथिल करता येत नाहीत. उलट तेथे ते अधिक काटेकोर हवेत.

आमच्या सेविकांसाठी येथे उजळणी करतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी. पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस उष्णतेने निकामी होते; पेंटाव्हॅलंट व हिपॅटायटिस-बी लस गोठल्याने निकामी होते. म्हणून बर्फाच्या पिशव्या पेटीत भरण्यापूर्वी त्यांतील पाणी हलू लागेपर्यंत बाहेर ठेवाव्यात. बाटलीवरील खुणेतील आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच बाटली वापरावी. गोवराची लस तिच्याबरोबर आलेल्या द्रावणातच मिसळावी व चार तासांनंतर टाकून द्यावी. भुलीची औषधे लसीच्या शीतपेटीत कधीही ठेवू नयेत. प्रत्येक बालकास नवी सिरिंज.

आपल्यासाठी काय?

आमच्या किनाऱ्यावर युद्ध नाही. पण सुटणारी मुले आहेत. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने खांब आडवे केले आणि किनारपट्टीवर अनेक दिवस वीज नव्हती, तेव्हा शीतपेटीचा प्रश्न आम्हीही अनुभवला. कालावल खाडीतील जुव्यांवर होडीशिवाय जाता येत नाही. चिरेखाणी पाऊस सुरू होताच बंद पडतात आणि कामगार गावी जातात. ऑक्टोबरनंतर परततात, तेव्हा खाण बदललेली असते. नव्या मुकादमाच्या हाताखाली आलेले मूल आमच्यासाठी नवे असते आणि त्याची दुसरी मात्रा राहून गेलेली असते.

वरील अभ्यासातून आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत. चिरेखाण व बागांवरील मुलांची वेगळी यादी आम्ही ठेवू आणि ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नव्याने करू. कोणाचेही ओळखपत्र वा मूळ गावचा पुरावा लसीसाठी मागणार नाही आणि ही यादी आरोग्याव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी कोणाला देणार नाही. परप्रांतीय मजुरांना आपल्या नावाची नोंद होण्याची भीती वाटते, हे आम्ही पाहिले आहे. सत्र मजुरी बुडणार नाही अशा संध्याकाळच्या वेळी किंवा बाजाराच्या दिवशी ठेवू. लसीनंतर ताप येऊ शकतो, हे आईला आधी सांगू. न सांगितलेल्या एका तापामुळे संपूर्ण वस्ती पुढल्या वेळी दार लावून घेते. कार्ड आईच्या हाती देऊ आणि मे महिन्यात गावी परतण्यापूर्वी पुढील मात्रेची तारीख तिला वाचून दाखवू. ‘यू-विन’ची संगणकीय नोंद उपयुक्त आहेच, परंतु जेथे मोबाईल बापाजवळ आणि मूल आईजवळ असते, तेथे कार्ड अधिक भरवशाचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : शक्यतो तीच सेविका त्याच वस्तीवर जाईल.

या शेवटच्या मुद्द्याबाबत देणगीदारांशी मोकळेपणाने बोलणे आवश्यक वाटते. लस शासनाकडून विनामूल्य मिळते. एक दिवसाच्या शिबिरासाठी मंडप, फलक व अल्पोपाहार यांकरिता देणगी सहज मिळते, तीबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु होडीचे भाडे, वीज गेल्यावर शीतपेटी चालू ठेवणारे यंत्र आणि बाराही महिने फिरणाऱ्या सेविकेचे वेतन यांसाठी देणगी क्वचितच येते. त्यावर फलक लावता येत नाही. मूल वाचते ते मात्र यामुळेच.

शिबिराच्या दिवशी किती मुलांना लस दिली, हा आकडा आम्ही यापुढेही अहवालात देऊ. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा देण्याचा आमचा संकल्प आहे : पहिली मात्रा घेतलेल्यांपैकी किती मुले तिसऱ्या मात्रेला पुन्हा भेटली. तो आकडा कदाचित लहान असेल. पण हितचिंतकांनी आमच्या कामाचे मोजमाप त्याच आकड्याने करावे, ही नम्र विनंती.